गिलाव्याच्या आधी

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, एलबीएस मार्गावरच्या एका नव्या काचेच्या ऑफिसात गेल्या पावसाळ्यात मी पाऊण तास बसून होतो. ज्यांना भेटायचं होतं ते मीटिंगमध्ये अडकले होते. छत्रीचं पाणी चकचकीत फरशीवर निथळू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून मी सोफ्याच्या कडेला टेकलो होतो. समोरच्या भिंतीवर सहा फूट रुंद कॅनव्हास प्रिंट होती. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल, कृष्णधवल, तारांच्या जाळीत धुकं अडकलेलं. वेळ जाईना म्हणून सिक्युरिटीच्या काकांना विचारलं, "हा पूल कुठला हो?" त्यांनी मान वळवून, बहुधा पहिल्यांदाच, त्या चित्राकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ऐरोलीचा असंल, सर."

मुलुंडच्या भिंतीवर पूल लावलाय तर तो मुलुंडहून पलीकडे जाणाराच असणार, असा त्यांचा साधा हिशेब. हिशेब बरोबर होता, चित्र चुकीचं होतं.

असं चित्र भिंतीवर येतं कसं, हे इंटिरिअरची कामं जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. कामाच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे नग-दर-रकमेच्या त्या लांबलचक तक्त्यात, टाइल्स, फॉल्स सीलिंग, वायरिंग, पार्टिशन, ब्लाइंड्स असं सगळं संपत आलं की शेवटच्या पानावर एक ओळ येते: 'आर्टवर्क, 3 नग'. कुंड्यांच्या वर, पायपुसण्यांच्या खाली. ताबा द्यायला आठ दिवस उरले की कुणीतरी कॅटलॉग उघडतं. तोवर भिंतीला रंग लागलेला असतो, लाइटचे पॉइंट ठरलेले असतात, पैसे संपलेले असतात, आणि साहेबांना निळा रंग आवडतो एवढीच माहिती हाताशी असते.

ती शेवटची ओळ हा या लेखाचा विषय. ऑफिसच्या स्वागतकक्षासाठी, खास त्याच जागेसाठी, कलावंताकडून काम करून घेण्याचा उद्योग आपल्याकडे कसा झाला, कुठे फसला, कायदा त्याबद्दल काय म्हणतो आणि उपनगरात आज तो करायचा तर कुठून सुरुवात करायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. यातली बहुतेक कामं बिघडतात ती कलावंताला उशिरा बोलावल्यामुळे. कलावंत बरा की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा.

जागेसाठीच केलेली कलाकृती ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही. वाड्यात येणाऱ्याला पहिल्यांदा बसवायचे ते सदरेवर, आणि भिंती रंगवून घेणं पेशवाईत नवलाचं नव्हतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आजही दिसतात. ती काढून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि तोच त्यांचा स्वभाव. टांगलेलं चित्र हा भाडेकरू. जागेसाठी केलेलं चित्र भिंतीच्या सातबाऱ्यावर नाव लावून बसलेलं असतं.

मुंबईच्या ऑफिसांपुरतं पाहायचं तर सुरुवात फोर्टातून करावी. महात्मा गांधी रस्त्यावरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत 1936 ची. वास्तुरचना मास्टर, साठे आणि भूता यांची आणि दर्शनी भिंतीवरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. विमा कंपनीची इमारत, पण दारावर ना सिंह ना गरुड. कष्टकरी माणसं आहेत, शेतातली, कामावरची, जाड मनगटांची. ज्याचा विमा उतरवायचा तोच दारावर कोरून ठेवला, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिल्पं आणि इमारत वेगळी काढून दाखवा म्हटलं तर जमणार नाही. उभ्या पट्ट्यांची ती भिंत शिल्पांना घडीसारखी वेढून घेते. हे नंतर सुचलेलं काम नव्हे हे पाहताक्षणी कळतं. आणखी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते: ती बघायला गेटपास लागत नाही. फुटपाथवर उभं राहून वडापाव खाता खाता बघता येतात.

स्वागतकक्षाच्या आतलं सर्वांत मोठं उदाहरण मात्र कुलाब्याचं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीचं उद्घाटन जानेवारी 1962 मध्ये नेहरूंच्या हस्ते झालं. होमी भाभा स्वतः चित्रं काढत. इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेवर खर्च करण्याची मंजुरी त्यांनी नेहरूंकडूनच मिळवली होती. प्रवेशदालनातल्या लांबलचक भिंतीसाठी आधी त्यांच्या मनात थेट पिकासो होता, शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्यामार्फत त्याला विचारूनही पाहिलं. ते जमलं नाही. मग भाभांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही कंपनीने डोळे झाकून उचलावं असं आहे: निवडक भारतीय चित्रकारांना बोलावलं, भिंत सांगितली, आराखडे मागवले, त्यातून एक निवडला. मकबूल फिदा हुसेन. 'भारत भाग्य विधाता' हे त्यांचं भित्तिचित्र जवळपास 45 फूट लांब आहे आणि आजही त्याच भिंतीवर आहे. हुसेन तेव्हा नावारूपाला आलेले होते, पण पुढे जे झाले ते व्हायचे होते. पिकासो आला असता तर संस्थेला पिकासो मिळाला असता. हुसेनमुळे तिला तिची स्वतःची भिंत मिळाली. अर्थात ती बघायची तर सुरक्षेचं दिव्य पार करावं लागतं, त्यामुळे तिला 'सार्वजनिक' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

उशीर म्हणजे काय, ते रिझर्व्ह बँकेने दाखवून ठेवलं आहे. नव्या सरकारी इमारतींमधून भारतीय कलावंतांना काम मिळावं ही नेहरूंची सूचना. तिला धरून दिल्लीच्या इमारतीच्या दाराशी यक्ष आणि यक्षी उभे करायचं ठरलं आणि काम रामकिंकर बैज यांच्याकडे गेलं. यक्षी शेतीची, यक्ष उद्योगाचा. मनाजोगता दगड शोधायला बैज हिमाचलात कांगडा खोऱ्यापर्यंत गेले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला निघालेलं हे काम 1967 च्या सुमारास संपलं. मधल्या काळात बँकेच्या किती अधिकाऱ्यांनी फायलीवर स्मरणपत्रं लिहिली असतील याची कल्पना करवत नाही. त्यात यक्षीच्या विवस्त्र असण्यावर राज्यसभेत प्रश्न निघाला तो वेगळाच. तरीही आज कुणाला तो उशीर आठवत नाही, मूर्ती आठवतात. बँकेने काम रद्द केलं नाही, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. आजचा 'डेडलाइन'वाला प्रॉजेक्ट मॅनेजर तिथे असता तर त्याने बारा महिन्यांत फायबरची जोडी उभी करून घेतली असती.

एअर इंडियाचं प्रकरण याच्या अगदी उलट. 1956 मध्ये बी. प्रभा यांची चित्रं घेण्यापासून तिचा संग्रह वाढत गेला आणि नरीमन पॉइंटच्या इमारतीत, परदेशातल्या बुकिंग ऑफिसांत लागत राहिला. साल्व्हादोर दालीकडून 1967 मध्ये अ‍ॅशट्रे करून घेतला, मोबदला म्हणून त्याला हत्तीचं पिल्लू दिलं. ते विमानाने युरोपला पोचवलं गेलं. (मोबदल्याच्या कलमात 'हत्ती, 1 नग' लिहिणारा लेखापाल कोण होता ते शोधायला हवं.) पण हा संग्रह होता. कंपनी विकली गेली तसा तो बांधून उचलता आला आणि 2023 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. टांगलेल्या चित्राचा हा फायदा मान्य करावाच लागतो. मालक बदलला तरी ते खिळ्यावरून सुटतं.

भिंतीचं चित्र सुटत नाही. मग काय होतं?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये, म्हणजे शब्दशः एका ऑफिस इमारतीच्या लॉबीत, 1933 मध्ये मेक्सिकोचा दिएगो रिवेरा भित्तिचित्र करत होता. त्यात लेनिनचा चेहरा उमटला. मालकांनी तो पुसायला सांगितलं, रिवेराने नाही म्हटलं. त्याला ठरलेले पूर्ण पैसे देऊन घरी पाठवलं, चित्र झाकलं आणि फेब्रुवारी 1934 मध्ये फोडून टाकलं. रिवेराने तेच चित्र मेक्सिको सिटीत पुन्हा काढलं. पूर्ण पैसे दिले म्हणजे विषय संपला, ही समजूत तिथपासून आजवर अनेक कॅबिनांत टिकून आहे.

आपल्याकडचं प्रकरण जास्त दुखरं आहे, कारण त्यात कुणाला राग नव्हता. दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या प्रवेशदालनासाठी अमरनाथ सेहगल यांना 1957 मध्ये काम मिळालं. ब्राँझचं भित्तिशिल्प, 140 फूट लांब, 40 फूट उंच; खेड्यातला, शेतावरचा भारत. 1962 मध्ये ते पुरं झालं. 1979 मध्ये इमारतीची डागडुजी निघाली आणि ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकलं गेलं. शिल्पकाराला विचारलं नाही, कळवलंही नाही. तुकडे झाले, काही हरवले. सेहगलांनी पत्रं लिहिली, मग 1992 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. निकाल लागला 21 फेब्रुवारी 2005 ला: पाच लाख रुपये भरपाई, आणि उरलेल्या अवशेषांवरचे सगळे हक्क शिल्पकाराचे. वयाच्या ऐंशीपार गेलेल्या माणसाला त्याचं फोडलेलं शिल्प परत मिळालं. दोन वर्षांनी ते गेले. लेनिन नाही, राजकारण नाही, नुसतं रिनोव्हेशन. आपल्या इमारतींत कलाकृती मरते ती बहुतेक वेळा अशीच, कंत्राटदाराच्या छिन्नीने आणि कुणाच्याही दुष्टपणाशिवाय.

हा निकाल प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 57 वर उभा आहे. काम विकलं, हक्क लिहून दिले, तरी कर्तेपणाचा हक्क आणि कामाची मोडतोड करून कर्त्याच्या नावाला धक्का लावला तर दाद मागण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. नुसतं प्रदर्शित न करणं मात्र गुन्ह्यात धरलेलं नाही; म्हणजे चित्र कापडाने झाकून ठेवलं तर तेवढ्यावर तक्रार टिकणार नाही. आणि अलीकडे यात एक पेच पडला आहे. प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स एप्रिल 2017 मध्ये पाडला, तेव्हा वास्तुरचनाकार राज रेवाल कोर्टात गेले. 2019 मध्ये त्याच दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की इमारत पूर्णच पाडली तर कर्त्याला ती अडवता येत नाही. सेहगलांच्या निकालात नाश हा मोडतोडीचाच टोकाचा प्रकार मानला होता. इमारतीला एक न्याय आणि तिच्या भिंतीवरल्या शिल्पाला दुसरा असं झालं, तर भिंतीतच गाडलेल्या कामाचं काय? याचं उत्तर कोर्टावर सोडण्यापेक्षा करारात लिहिलेलं बरं.

करारातल्या आणखी एका गोष्टीकडे वकिलांचंही लक्ष जात नाही. कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेलं रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल तर, वेगळं काही ठरलं नसल्यास, प्रताधिकार काम सांगणाऱ्याचा. त्या यादीत शिल्प नाही. म्हणजे रिसेप्शनच्या एका भिंतीवर रंगवून घेतलं तर कॅलेंडरवर छापायला कंपनी मोकळी, आणि शेजारच्या भिंतीवर धातूचं शिल्प लावलं तर शिल्पकाराची परवानगी हवी. हे माहीत नसल्याने दिवाळीच्या डायऱ्यांवरून भांडणं होतात. हक्क लिहून घेताना मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

फ्रान्समध्ये 1951 पासून सरकारी बांधकामांत एक टक्का कलेला देण्याची पद्धत आहे, फिलाडेल्फियाने 1959 मध्ये तसा नियम केला. आपल्याकडे खासगी ऑफिस बांधणाऱ्यावर असं बंधन नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते नसण्याचं फारसं दुःख नाही. सक्तीचा टक्का आला की त्याचे ठरलेले पुरवठादार येतात. न्यूयॉर्कमध्येच रिचर्ड सेराची 120 फुटी पोलादी भिंत सरकारी खर्चाने 1981 मध्ये ऑफिसांच्या चौकात उभी राहिली. तिथे रोज कामाला येणाऱ्यांना ती वाटेत आडवी आली, आणि भांडून भांडून 1989 मध्ये ती काढावी लागली. ही वस्तू या जागेची आहे, हलवली तर मेली, असं सेरा म्हणत राहिला आणि त्याचं म्हणणं खरंच होतं. पण त्या जागेच्या माणसांना आधी कुणी विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता मुलुंड.

मुलुंडची जागा म्हणजे काय? पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पूर्वेला खाडी आणि मिठागरं, मधून 1853 मध्ये धावलेल्या पहिल्या गाडीचा रूळ. पाच रस्त्याच्या आसपास सरळ रेघांत आखलेल्या गल्ल्या, ज्या मुंबईच्या उपनगरांत क्वचित सापडतात. मग कारखाने: जॉन्सन अँड जॉन्सन, हेक्स्ट, रिचर्डसन अँड क्रुडास. देवीदयाळ हे नाव आता फक्त रस्त्याच्या पाटीवर उरलं आहे. पोलादी सांगाडे बनवणाऱ्या रिचर्डसन अँड क्रुडासच्या जागेत 2020 मध्ये कोविडचं जंबो केंद्र उभं राहिलं. इथल्या कितीतरी घरांची त्या छपराखाली रात्र गेली आहे. भोंगे गेले, त्या जमिनींवर टॉवर आणि ऑफिसं आली. कच्छी, गुजराती, मराठी, तमिळ, पंजाबी अशा पाच भाषा एका लिफ्टमध्ये ऐकू येतात.

यातलं काहीही रिसेप्शनच्या भिंतीवर येऊ शकतं, आणि यातलं काहीच येत नाही. येतं काय? बुद्धाचं मस्तक, प्लॅस्टिकच्या गवताची भिंत, लेझरने कापलेला लोगो. 'लोकल टच' हवा असेल तर वारलीचं व्हिनाइल स्टिकर. या स्टिकरबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. वारली चित्र मुळात जागेचंच होतं: अमुक घर, अमुक लग्न, शेणामातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि सवाशिणींनी लिहिलेला लग्नाचा चौक. चित्र काढायचं नसतं, लिहायचं असतं. जिव्या सोमा मशे यांनी 1970 च्या दशकात ते कागदावर आणलं, जगभर नेलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. इतकं होऊन आज त्या चौकातली नाचणारी माणसं लॅपटॉप घेऊन गोल फिरताना दिसतात, मीटरच्या भावाने. डहाणू-जव्हारच्या चित्रकाराला बोलावून महिनाभर भिंत द्या, त्याला किंवा तिला मुलुंड दाखवा, काय उतरेल ते उतरू द्या. ते काम महाग पडेल आणि खरं असेल.

मात्र 'मुलुंडचं' म्हणजे मुलुंडचं चित्रच हवं असंही नाही. फ्लेमिंगो आणि मिठाचे ढीग रंगवले की जागा साधली, असं मानणं हा नवा आळस. पानसऱ्यांच्या शेतकऱ्याला फोर्टात शेत नव्हतं. जागा म्हणजे उजेड कुठून येतो, माणूस कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, काय ऐकतो. रिसेप्शनमध्ये लोक बसतात, वाट बघतात, थोडे घाबरलेले असतात. मुलाखतीला आलेली मुलगी फाइल छातीशी धरून असते, कुरिअरवाला घामेजलेला असतो. ज्या कलावंताने तिथे दोन दिवस नुसतं बसून काढले, त्याचं काम मी आधी बघेन.

आणि जागा म्हणजे भिंत. इथे सगळी गंमत आहे. आजकाल ऑफिसांत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या नाहीतर जिप्सम बोर्डाच्या असतात. त्यांत नुसता फास्टनर ठोकून दीडशे किलोचं ब्राँझ टांगलं तर ते एक दिवस रिसेप्शनिस्टच्या डोक्यात येईल. त्यासाठी आतून लोखंडी फ्रेम लागते, तिचं वजन स्लॅब-बीमवर जावं लागतं, आणि ती गिलाव्याच्या आधीच बसवावी लागते. लाइटचंही तेच. उठावशिल्पाला उजेड तिरपा, भिंतीलगतून हवा. फॉल्स सीलिंगमधल्या डाउनलाइटच्या सरळ झोतात ते भाकरीसारखं सपाट दिसतं. पश्चिमेची काच असेल तर दुपारी चारनंतरच्या उन्हाने कापडाचे रंग दोन-तीन वर्षांत उडतात. रात्री एसी बंद, सकाळी चालू, त्यात पावसाळ्याची हवा: प्लायवुड फुगतं, लोखंड गंजतं. शिवाय लॉबीतली सगळ्यांत चांगली भिंत म्हणजे हमखास तीच, जिच्यात फायर होजचं कपाट किंवा डक्टचं दार असतं. कलावंत आधी आला तर ते दार चित्रात घेतो, नंतर आला तर दार चित्राला खातं.

आगीचा मुद्दा गंभीर आहे. लॉबी हा सुटकेचा मार्ग. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत परवानाधारक संस्थेचा दाखला द्यावा लागतो. फायबर, फोम, अ‍ॅक्रिलिकचं भलंमोठं काम लावण्याआधी आगीच्या सल्लागाराला दाखवावं. नमुना जाळून पाहावा.

मग देखभाल. भांडुपच्या एका ऑफिसात लिफ्टशेजारी एक पितळी उठावशिल्प होतं. शिल्पकाराने त्यावर रसायनांनी काळसर-हिरवट पॅटिना चढवलेला, खोलगट भागात गडद, उंचवट्यांवर किंचित सोनेरी. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हाउसकीपिंगच्या ताईंनी पितळ उजळायची पावडर आणि काथ्या घेऊन ते मन लावून घासलं. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळेखाली ते देवघरातल्या समईसारखं झळकत होतं. मॅनेजरने कपाळाला हात लावला. ताई म्हणाल्या, "किती कळकट झालं होतं, सर! कुणी हातच लावत नव्हतं." त्यांचं काही चुकलं नाही. ते काळं मुद्दाम केलंय, एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कशाने पुसायचं, कशाने नाही, हे मराठीत आणि हिंदीत एका कार्डावर लिहून साफसफाईच्या कपाटात चिकटवायला शिल्पकाराला दहा मिनिटं लागली असती. माझ्या मते ते कार्ड हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

निवड कुणी करायची? मालकाने एकट्याने करू नये, मतदानानेही करू नये. पाच जण पुरे: वास्तुरचनाकार, या कामाच्या शर्यतीत नसलेला एक कलावंत, कंपनीतला सही करू शकणारा माणूस, स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि रोज त्या टेबलामागे बसणारी व्यक्ती. शेवटच्या नावावर बैठकीत लोक हसतात. पण त्या भिंतीकडे दिवसाचे नऊ तास तोंड करून तीच बसते. तीन-चार कलावंतांना बोलवावं आणि आराखड्याचे, छोट्या प्रतिकृतीचे पैसे प्रत्येकाला द्यावेत, निवड होवो न होवो. फुकटात डिझाइनं मागवून त्यांतली सोयीची कल्पना तिसऱ्याच फॅब्रिकेटरकडून करून घेण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. त्याला चोरी म्हणतात.

उपनगरातली आणखी एक अडचण पाठ्यपुस्तकांत नसते. इथली बरीच ऑफिसं लिव्ह अँड लायसन्सवर, तीन-पाच वर्षांची. मुदत संपली की जागा मूळ स्थितीत परत करायची. अशा ऑफिसाच्या स्वतःच्या रिसेप्शनमध्ये भिंतीत बांधलेलं काम करून घेणं म्हणजे त्याच्या मृत्यूची तारीख आधीच नोंदवणं. तिथे सुटं, उचलता येणारं कामच घ्यावं. जागेचं काम करायचं ते इमारतीच्या तळमजल्यावरच्या सामाईक लॉबीत. ती लॉबी बिल्डरची, नंतर प्रिमायसेस सोसायटीची. म्हणजे विषय वार्षिक सभेत जाणार, आणि चित्रावरच्या दिव्यांचं बिल कुणाच्या मीटरवर यावर तासभर चर्चा होणार. होऊ द्यावी. ज्या चित्रावर सोसायटीत एकदा कडाडून भांडण झालं आहे, ते पुढच्या रंगकामात कुणी गुपचूप उतरवत नाही.

सार्वजनिक किती, हा प्रश्न शेवटी उरतोच. सहारच्या विमानतळावर 2014 मध्ये दुसरं टर्मिनल उघडलं, त्यात राजीव सेठी यांनी मांडलेली तीन किलोमीटरची कलाभिंत आहे. देशातलं हे सर्वांत मोठं जागेसाठीचं काम म्हणता येईल. पण बोर्डिंग पास नसेल तर त्यातलं बहुतेक बाहेरच्याला दिसत नाही, आणि पास असेल तर बघायला वेळ नसतो. एलबीएस मार्गावरच्या ऑफिसांना काचेचा शाप आहे, तोच इथे वर होऊ शकतो. लॉबीच्या मागच्या भिंतीवरचं काम रात्री उजेडात ठेवलं तर बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसालाही ते दिसेल.

कलावंत शोधायला लांब जावं लागत नाही. गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवाजी घडवणारे सदाशिव साठे मध्य रेल्वेच्याच मार्गावरचे होते. डोंबिवलीत त्यांचं शिल्पालय आहे. तर ज्यांच्या इमारतीचे अजून स्लॅब पडत आहेत, त्यांना एवढीच विनंती: बीओक्यूमधली ती ओळ शेवटच्या पानावरून काढून आरसीसीच्या खाली, प्लास्टरच्या वर आणा. आणि एका सकाळी मुलुंडहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरा. 1857 पासून चाललेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं फाटक तिथून चालत दहा मिनिटांवर आहे.